आवाज येऊन राहिला

"बंद कर वं ते! आवाज येऊन राहिला!"

भाऊराव चाकावरून ओरडला तशी अंगणाच्या पल्याडची थापथाप थांबली. निंबाखाली पोत्यावर कुंदा बसली होती. मांडीत ओला माठ, डाव्या हातात माठाच्या आत धरलेला दगडी गोटा, उजव्या हातात लाकडी थापी. थापी तशीच वर धरून ती म्हणाली,

"मंग माठ का आवाजाबिना होते?"

"होते का नाई ते मंग पाहू! आत्ता शूटिंग चालू हाय ना!"

मोबाईल धरून उभी असलेली प्रणोती फिसकन हसली. ही त्यांची सून, विपुलची बायको. विपुल जबलपूरला बड्या फुहाऱ्याजवळ कपड्याच्या दुकानात कामाला, सकाळी जाई तो दिवेलागणीला येई. घरी पोरगी काय करणार? तिनं सासऱ्याचे व्हिडिओ काढायला घेतले. "मामाजी, तुम्ही फक्त बोला. मिट्टी कहाँ से आती है, कैसे बनती है, सब. लोग देखते हैं असं." भाऊराव आधी लाजला, मग बोलू लागला, आणि एकदा बोलू लागला तो काही थांबेना.

जबलपूरजवळच्या पनागरातल्या या घरात मराठी उंबऱ्याच्या आत आणि हिंदी उंबऱ्याच्या बाहेर. भाऊरावचा आजा भंडाऱ्याकडून आला, चाक घेऊन आला आणि इथलाच झाला. सगळं बदललं, चाकसुद्धा आता विजेवर फिरतं, पण एक रीत राहिली. कुंभाराच्या घरातल्या बाईनं चाकाला हात लावायचा नाही. कुंदानं कधी लावला नाही. आता गंमत बघा, चाकावर होतो तो माठ अर्धाच. तोंड होतं, गळा होतो, खांदे होतात, बूड मात्र जाड, बोजड. ते थोडं सुकलं की राख लावून, आत गोटा धरून बाहेरून थापायचं. थापता थापता पोट फुगतं, भिंत पातळ होते, आणि पाणी गार होतं ते त्या पातळ भिंतीनं. म्हणजे माठ निम्मा नवऱ्याचा, निम्मा बायकोचा. पण व्हिडिओत निम्मं कुठं दिसतं? चाकावर बोटाखालून भांडं उठतं ते पाहताना माणूस डोळा हलवत नाही. थापीत काय पाहायचं? राखेनं भरलेली बाई आणि दिवसभराचं ठोकणं.

प्रणोती एकदा म्हणाली होती, "आई, तुमचा पण एक घेते ना."

कुंदानं पदर तोंडावर ओढला. "माह्या थोबाडात काय हाय पाहासारखं? त्याईलेच घे बाई."

भाऊराव तिथंच होता. 'घे वं तिचाबी' एवढं म्हणायला त्याचं काय जात होतं? पण नाही म्हणाला. तेव्हा हवेतच होता ना गडी! जबलपूरहून मोटारी यायच्या, पोरं-पोरी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायच्या, माठ घेऊन जायच्या. 'कुंभार चाचा' असं नाव पडलं. आणि हा छाती काढून सांगायचा, "भैया, मिट्टी से बात करनी पड़ती है."

मोटार गेली की कुंदा तिकडून म्हणायची, "मातीसंगं बोलते म्हने! माह्यासंगं तं दिवसभर बोलत नाई."

तो हसायचा. आपल्याला वाटतं, हसायला अजून पुष्कळ दिवस आहेत.

दिवाळीच्या पणत्यांचं काम आटोपलं आणि कुंदा तापानं पडली. छातीत कफ दाटला. विपुलनं तिला जबलपूरला दवाखान्यात नेलं. जाताना रिक्षातून म्हणाली, "निंबाखालचे माठ उन्हात नका सोडू, तडकतीन." हेच शेवटचं. परत आली ती बोलायची राहिली नव्हती.

कुंभाराच्या घरी मयत झालं की मडकं कोण देणार? बाकीच्या गावाला कुंभार देतो, कुंभारानं कोणाच्या दारात जायचं? भाऊराव उठला, भाजून ठेवलेल्या माठांपाशी गेला आणि कुंदानंच थापलेल्यांतला एक माठ उचलून आणला. विपुलनं पाणी भरून तो खांद्यावर घेतला, चितेभोवती पहिला फेरा घातला, मागून चुलत्यानं दगड मारला. माठाला काही झालं नाही. पुन्हा मारला. नुसता खणकन वाजला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. भटजी म्हणाला, "ज़ोर से मारो भाई." मग कुठं भोक पडलं आणि धार लागली. भाऊराव खाली मान घालून बसला होता. काय थापलं हाय कुंदे, काय थापलं हाय वं, एवढंच त्याच्या मनात चाललं होतं आणि डोळ्यातून पाणी वाहत होतं.

माघ लागला. उन्हाळ्याचे माठ आत्ताच नाही केले तर वर्षभर खायचं काय? भाऊराव चाकावर बसला, खांदे उठवले, आणि मग निंबाखाली कुंदाच्या पोत्यावर जाऊन थापी हातात घेतली. वाटलं होतं, आयुष्य पाहण्यात गेलं, येईलच. कुठलं यायला! गोटा एकीकडं, थापी दुसरीकडं. कुठं भिंत जाड, कुठं कागदासारखी. भाजून आव्यातून काढले तेव्हा बरेच तडकलेले निघाले. जे धड निघाले ते विकले.

पुढच्याच महिन्यात जबलपूरच्या कांचघर भागातल्या बेबीताई माठ घेऊन दारात उभ्या. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, मराठी माणूस म्हणून मुद्दाम पनागरला येणाऱ्या.

"भाऊराव, काहून हो असं? यंदा पानीच गार होऊन नाई राहिलं. आणि जड केवढा हाय! तुमच्या हातचा नाई वाटत."

"माह्याच हातचा हाय ताई. पूर्न माह्याच हातचा."

"मंग मागचे?"

भाऊरावनं मान वळवली. बेबीताईंची नजर निंबाखालच्या रिकाम्या पोत्याकडे गेली. त्यांनी माठ खाली ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. "अच्छा... अस्सं होय," म्हणाल्या आणि न बदलता तोच माठ उचलून घेऊन गेल्या.

दुपारी भाऊरावनं प्रणोतीला हाक मारली. "बाई, त्या मोबाईलात तुही सासू काढ. मले पाहाची हाय."

प्रणोतीनं सगळे व्हिडिओ धुंडाळले. भाऊराव माती मळताना, भाऊराव चाकावर, भाऊराव हसताना. एका ठिकाणी मागं हिरव्या लुगड्याचा काठ तेवढा होता.

"आवाज तं असन?"

ती खाली पाहत म्हणाली, "मामाजी, मी सगळ्यांवर गाणं टाकलं ना. ठकठक नको म्हणून."

पोरीचा काय दोष? प्रणोती मात्र मोबाईल सोडेना, बोटानं खाली खाली जात राहिली, आणि एकदम थबकली. "हा एक आहे. खराब झाला म्हणून टाकलाच नव्हता."

तिनं लावला. चित्रात भाऊराव चाकावर. आणि मागून थाप, थाप, थाप. एका लयीत, जराही न चुकता. भाऊराव मोबाईलवर वाकला. तेवढ्यात त्याचाच आवाज आला, बंद कर वं ते, आवाज येऊन राहिला. आणि थाप थांबली. मग तिचं ते एक वाक्य, वर त्याचं ओरडणं, आणि संपलं.

"पुन्हा लाव," भाऊराव म्हणाला.

प्रणोतीनं पुन्हा लावला. कितीदा लावला असेल देव जाणे. दरवेळी थाप सुरू झाली की भाऊरावचा चेहरा उजळायचा आणि दरवेळी त्याचाच मेला आवाज येऊन तिला गप्प करायचा. शेवटी त्यानं तोंडावर हात घेतला आणि पोरीसमोर, लाज न धरता, ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "ते लाईव्ह का काय म्हनते, ते लाव. चाकावर नाई. हिथं."

तो पोत्यावर बसला. मांडीत माठ घेतला, राख लावली आणि मोबाईलकडे पाहून म्हणाला, "नमस्ते जी. मैं आज तक आपको आधा ही मटका दिखाया. बाकी आधा मेरी घरवाली बनाती थी. यहाँ बैठ के. आता ती नाई." पुढं हिंदी सुचेना की मराठी, म्हणून तो थापू लागला.

थाप. थापथाप. थाप. लय बसत नव्हती. प्रणोती मोबाईलवर पाहत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"काय म्हनून राहिले लोकं?"

"काही नाही मामाजी. अच्छा म्हणून राहिले."

"खरं सांग."

तिनं हळूच वाचलं. "चाचा, ये ठकठक बंद करो. चाक चलाओ."

भाऊरावची थापी वरच्या वर थांबली. अंगण एकदम गप्प झालं, जसं त्या शूटिंगच्या दिवशी झालं होतं. मग मोबाईलकडे पाहून तो म्हणाला,

"मंग माठ का आवाजाबिना होते?"

प्रणोतीला हुंदका आवरेना. "पाहणारे निघून चालले, मामाजी. बंद करू का?"

"नको. राहू दे चालू."

त्यानं थापी पुन्हा घातली. चारदोन थापांतच बूड फाटलं आणि मांडीत चिखल झाला. भाऊरावनं तो गोळा करून बाजूला ठेवला, हाताला राख लावली आणि पलीकडचा माठ मांडीत ओढून घेतला.