रिकाम्या पालखीची पहिली आवृत्ती

"आधी हात धू," दादा म्हणाला.

मी सांगलीहून दिवाळीच्या सुट्टीला साताऱ्यात आलो, पिशवी खाली ठेवली आणि सवयीनं त्याच्या पुस्तकांच्या कपाटापाशी गेलो, तर हे स्वागत! मी हायस्कुलात मास्तर, पण या घरात मला बिगरीतल्या पोराची किंमत.

"धुतले."

"पुसलेस का? ओल्या हाताचा डाग पडतो."

शरयूवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भावोजी, माझ्या हातचं खाताना इतकं सोवळं नाही हो पाळत हे."

माझा दादा, विष्णुपंत, सरकारी देवी टोचणारा. सायकलीवर लसीची पेटी बांधून गावोगाव फिरायचा. पोरं त्याला बघून उकिरड्यामागं लपायची आणि बायका 'देवीडाक्टर आला' म्हणून कडी लावायच्या. दंड टोचून झाला की हा विचारायचा, "घरात जुनी पुस्तकं आहेत का हो?" असं करत करत त्यानं भुजंगराव डिटेक्टिव्हच्या साऱ्या कादंबऱ्या जमवल्या. त्याही पहिल्याच आवृत्तीच्या, मूळ कव्हरासकट. दुसरी आवृत्ती फुकट दिली तरी तो घ्यायचा नाही. म्हणायचा, "दुसरी आवृत्ती म्हणजे पाणी घातलेलं दूध."

कपाटात पहिलीच जागा तेवढी मोकळी होती. ती 'रिकामी पालखी'ची. या मालेतलं पहिलं पुस्तक. भर मिरवणुकीत पालखीतून एक मुलगा नाहीसा होतो आणि भुजंगराव त्याचा शोध लावतात, अशी गोष्ट. मूळ शेवट म्हणे इतका वाईट होता की वाचकांनी ओरड केली, आणि लेखकानं दुसऱ्या आवृत्तीत मुलाला जिवंत घरी आणलं. तो गोड शेवट दादाला तोंडपाठ होता. नाकातून आवाज काढून, टिंगल करत म्हणून दाखवायचा. मूळ शेवट मात्र त्याच्या कधी दृष्टीला पडला नव्हता. वीस वर्षं त्याचा जीव त्यात अडकला होता.

"मधू," त्या दिवशी तो हळूच म्हणाला, "सापडली. पाटणच्या पलीकडं एका वाडीत. देव्हाऱ्यात आहे."

"देव्हाऱ्यात?"

"कव्हरावर पालखी आहे ना. म्हातारीला वाटतं पोथी आहे. रोज हळदकुंकू लावते." त्याचा चेहरा कळवळला. पण लगेच त्यानं लाल बासनात बांधलेली नवीकोरी पोथी दाखवली. "ही खरी पोथी देऊ, ती मागून घेऊ. तिचंही नुकसान नाही. येतोस का?"

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं पाटण गाठलं आणि पुढं चालत वाडीला पोचलो. लसीची पेटी सवयीनं दादाच्या खांद्याला होतीच. ती म्हातारी, मनुबाई, अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होती. आम्हाला बघून तिनं घोंगडं अंथरलं.

"आवं, या की डाक्टर. बरं झालं आलासा. मीच तुमची वाट बगत हुते."

दादानं पिशवीत हात घातला, तेवढ्यात तिनं ते पुस्तक आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. कव्हरावरच्या पालखीवर कुंकवाचे थरच्या थर होते. आत मोटारीचं एक जुनं तिकीट खुणेला घातलेलं होतं.

"माज्या लेकाची, गुंडाची पोथी हाय. पलटणीतनं सुट्टीला आला तवा घिऊन आलता. बसला वाचत की जेवायचं बी भान न्हाई. मी म्हनायची, कसली रं पोथी? तर नुसता हसायचा. जाताना म्हनला, आये, हितवर झालंय, ऱ्हायलेलं आल्यावर वाचतो. कुनाला हात लावू दिऊ नगंस." तिनं ते तिकीट बोटानं सारखं केलं. "मग लढाईवरनं तार आली."

"अर्धं पारायन घरात ठिवू न्हाई म्हनत्यात. लेकाचा जीव त्यात गुततो. तुमी वाचनारं मानूस. येवडं पुरं करा. न्हाईतर दिवाळी झाली की हितं साळा हुनार हाय, त्या मास्तरला सांगनार हुते."

दादानं पिशवीतला हात बाहेर काढला. पाय धुतले, पूर्वेला तोंड करून बसला आणि तिकिटापासून पुढं वाचू लागला. आजवर मी त्याला इतक्या सावकाश वाचताना ऐकलं नव्हतं. मनुबाई हात जोडून बसली होती. भुजंगराव, पायांचे ठसे, बंद दरवाजे... तिला काय कळत होतं देव जाणे. पण मुलाच्या आईचं नाव आलं की ती मान हलवायची.

मी शेजारी बसून पानावर डोळे लावले होते. शेवटचं पान आलं. 'विहिरीचे पाणी उपसले गेले, आणि तळाशी...' मला पुढं वाचवेना.

दादाचा आवाज थांबला.

"का वो?"

"चष्मा," तो म्हणाला. धोतराच्या सोग्यानं त्यानं काचा पुसल्या. मग पानाकडं बघत वाचू लागला, "इतक्यात वाड्याच्या दारात पाऊल वाजले. आईने विचारिले, कोण ते? उत्तर आले, मी."

पानावर यातलं अक्षर नव्हतं. तो दुसऱ्या आवृत्तीचा शेवट होता. ज्याची तो आयुष्यभर टिंगल करत आला, तो. आज मात्र आवाज नाकातून येत नव्हता. मध्ये त्यानं पान उलटलंसुद्धा, वाचल्यासारखं.

"आला म्हना घरला," मनुबाई म्हणाली.

"आला."

"जेवला का?"

दादानं पुस्तकातून मान वर केली नाही. "जेवला. आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि निजला."

हे तर कुठल्याच आवृत्तीत नव्हतं.

मनुबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि गूळ आणायला आत गेली. ती वळताच दादानं शेवटचं पान धरलं आणि मुळापासून ओढून काढलं. टरकन आवाज झाला. बोटाला थुंकी लावून पान उलटलं म्हणून यानं एकदा मला जेवणावरून उठवलं होतं. त्यानं ते पान घडी न घालता लसीच्या पेटीत सरकवलं. दिवाळीनंतर वाडीत शाळा होणार होती, पोरं वाचायला शिकणार होती.

मनुबाई गूळ आणि नारळ घेऊन बाहेर आली. तिनं नारळ पुस्तकावर ठेवला आणि दोन्ही दादाच्या पुढं केलं.

"पारायन पुरं झालं. आता पोथी तुमीच न्या. वाचनाऱ्याची आसती."

कर्म माझं! मी दादाकडं बघितलं. त्यानं पुस्तक कपाळाला लावलं, उठून आत गेला आणि देव्हाऱ्यात होतं तसं ठेवून आला.

"नारळ नेतो, मावशी," तो म्हणाला. "पोथी राहू द्या."

परतीच्या वाटेवर माझा राग मावेना. "देत होती ना ती! घ्यायचंस की. निदान ते पान तरी चिकटवता आलं असतं."

"आणि उद्या सकाळी तिनं हळदकुंकू कशाला लावायचं?" दादा म्हणाला. लसीची पेटी त्यानं काखेत घट्ट धरली होती.

लाल बासनातली पोथी वहिनींच्या देव्हाऱ्यात गेली. पुढं लोक लांबलांबून ते कपाट बघायला यायचे. पहिल्या जागेवर दोन काचांच्या मध्ये एकच पान बघून विचारायचे, "बाकीचं पुस्तक कुठाय?"

"आहे," दादा म्हणायचा, "जिथं असायला हवं तिथं." आणि कुणी त्या काचेला हात लावायला गेलं, की तो आधी त्याला हात धुवायला पाठवायचा.