डाळिंबी पदरावरची पाच बोटं

मी मुरमांच्या जेलची ट्यूब बोलतेय. पोट चेपलंय, शेपूट गुंडाळलंय, तोंडाशी पांढरी खपली वाळलीय. पण माझी कीव करू नका. मी माझा सूड घेतलाय, आणि तो सांगितल्याशिवाय कचऱ्याच्या डब्यात जाणार नाही.

कारखान्यात माझ्या पोटात औषध भरलं आणि अंगावर बारीक अक्षरांत छापलं: रंगीत कपड्याला लागू देऊ नका, रंग उडतो. या घरात ते रक्षाशिवाय कुणी वाचलं नाही. बरंच झालं.

रक्षा वडगावातल्या विणकराच्या घरची, कॉलेजात शिकणारी. गालभर मुरूम. तिची काकू यशोदाबाई आल्यागेल्यासमोर म्हणायची, "आमच्या रक्षीच्या तोंडावर बघा, मसूर पेरल्यात." पाहुणे हसायचे. रक्षाने आधी लग्नाकार्याला जाणं सोडलं, मग कॉलेजही चुकवायला लागली. शेवटी एकटीच त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेली आणि मला घेऊन आली.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं. चेहरा हलक्या हाताने धुऊन कोरडा होऊ द्यायचा. झोपण्याआधी वाटाण्याएवढं जेल सगळीकडे पातळ पसरायचं, डोळे आणि ओठ सोडून. सुरुवातीला एक दिवसाआड. कोरडं पडलं तर मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. लावून झालं की हात धुवायचे. आणि दोन महिने तरी धीर धरायचा.

रक्षाने सगळं पाळलं. उशीला पांढरा अभ्राही घातला. मुरूम सुकायला लागले होते. पण धीर यशोदाबाईला कुठला?

"आगं, वाटाण्याएवढ्यानं काय हुतंय? भिताडाला चुना देतात तसं दे की!"

"काकू, डॉक्टरबाईंनी थोडंच लाव म्हटलंय."

"डॉक्टरबाईनं किती पोरी वाढवल्या? आण हिकडं."

तिने रक्षाचा चेहरा लिंबू-बेसनाने खसाखसा घासला, माझा गळा आवळला आणि बोटभर जेल गालांवर थापलं. मी ओरडू शकत नव्हते. सकाळी रक्षाचे गाल लालबुंद झाले होते, पाण्याचा थेंब लागला तरी आग होत होती. आणि ही बाई काय म्हणाली? "बघा, इष हाय इष! परत डॉक्टरकडं गेलीस तर याद राख." मला मागाच्या खोलीत खिडकीवर भिरकावलं आणि बाजारातून एक बिननावाची डबी आणली, गोरं करणारी. चार दिवस चेहरा चकाकला. डबी संपली आणि मुरूम दुपटीने उसळले. रक्षाने आरशावर टॉवेल टाकला.

मी खिडकीवरून सगळं बघत होते. मोठ्या माणसांना चुकायची मुभा असते, भोगायचं मात्र पोरींनी. मी ठरवलं, हिला सोडायची नाही.

मागावर डाळिंबी साडी चढली होती. यशोदाबाईच्या भाचीच्या लग्नातली, नवरीच्या सासूला द्यायची. त्या घरातली रीतच होती. रोज दिवेलागणीला माग थांबला की यशोदाबाई विणलेल्या कापडावर तळहात दाबून ताण बघायची. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. नवरा, मारुतीराव, जन्मभर विणत आलेले, तेही बाजूला सरकायचे.

लग्न तोंडावर आलं आणि यशोदाबाईच्या हनुवटीवर एक टपोरा मुरूम उगवला. वा! त्या संध्याकाळी ती चोरपावलांनी खिडकीशी आली. जिला तिने विष म्हटलं, तिलाच बोटांवर भरभरून पिळलं आणि हनुवटीवर चोळलं. हात धुतले नाहीत. तशीच वळली आणि पदरावर तळहात दाबला.

दाब, बाई. चांगला दाब.

सकाळी डाळिंबी पदरावर पाच फिकट बोटं उमटली होती.

"रक्षीनंच केलं हे!" यशोदाबाई किंचाळली. "तिच्याच त्या ट्यूबनं! आता डॉक्टर न्हाय, कॉलेज न्हाय, काय न्हाय!"

मारुतीराव वाकून बघत होते. ठशातली करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. घरात तशी करंगळी एकीचीच.

रक्षा पुढे झाली. तिने काकूचा हात धरला आणि ठशाशेजारी आणला. मग काकूच्याच हिरव्या झंपराच्या गळ्याकडे बोट दाखवलं. हनुवटीखाली तिथेही रंग उडाला होता.

"काकू, मसूर तुमच्यात बी उगवल्या व्हय?"

मारुतीराव हसू दाबायला बाहेर गेले. जाताजाता म्हणाले, "रक्षा, तू जा गं तुझ्या डॉक्टरकडं. कोण अडवतंय बघतो."

रक्षाने डबीचं नाव काढताच डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. आधी त्वचेला विसावा दिला, मग मला पुन्हा सुरू केलं. वाटाण्याएवढंच.

लग्नात सासूला दुसरी साडी गेली. डाळिंबी रक्षाने मागून घेतली आणि नेसली, पाच बोटं छातीवर येतील असा पदर पुढे घेऊन. गालांवर अजून डाग होते, तरी मान ताठ.

"रक्षे, पदर मागं टाक गं," यशोदाबाई दात आवळून म्हणाली.

"का? ताण बघायचा ऱ्हायलाय?"

बायका विचारत होत्या, ही कसली नक्षी? रक्षा मोठ्याने सांगत होती, "आमच्या काकूंची. दुसऱ्या कुणाला हातच लावू देत न्हाईत."

आज माझ्यात शेवटचा वाटाणा उरलाय. आरशावरचा टॉवेल कधीच निघालाय. मला खुशाल फेका. फक्त माझी दुसरी बहीण घरात आणाल तेव्हा तिच्या अंगावरची अक्षरं वाचा आणि तिला हावरट हातात देऊ नका. आम्ही पातळ पसरलो तर औषध. गळा आवळलात, तर तुमचा रंग उडवून जाऊ.