शिट्टी वाजेपर्यंत

आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये ताईला मुकादम केलं, तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे. घरात झुरळ दिसलं तरी ती खुर्चीवर चढते आणि मला हाका मारते. ही काय डोंबल आम्हाला धाकात ठेवणार.

सफरचंदांची पेटी हातातून पडली, की कोल्ड रूममध्ये जाऊन उभं राहायचं, मुकादमाची शिट्टी वाजेपर्यंत. कडी बाहेरून. ही तिथली जुनी रीत. एकदा ताईवरच ही पाळी आली, तेव्हा घरी येऊन तिने जुन्या मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

अंगावर पांढरा कोट चढला आणि तिची चालच बदलली. आधी तिने आमच्या गप्पा बंद केल्या, मग गुणगुणणं. आम्हीही मुकाट ऐकलं. घरी मी तोंड उघडलं, तर म्हणायची, "अगं, शिस्त नको का?" पाठच्या बहिणीला मोठीची भीती वाटावी, याचा मला संताप यायचा. पण वाटायची.

आज मावशींच्या हातून पेटी पडली. आम्हा दोघींना काम शिकवलं ते मावशींनीच. त्यांना दमा आहे, हे ताईला माझ्याइतकंच ठाऊक. तरी तिने कोल्ड रूमकडे बोट दाखवलं. "चुकलंच माझं," म्हणत मावशी निमूट आत गेल्या, आणि ताईने कडी घातली.

थोड्या वेळाने आतून दारावर थापा पडू लागल्या. सगळ्याजणी माना खाली घालून सफरचंदं कागदात गुंडाळत राहिल्या. ताई मालकांच्या काचेच्या केबिनकडे बघत होती. शिट्टी तिच्या मुठीत होती, पण ओठांपर्यंत जात नव्हती. माझं डोकं सटकलं. मी उठले आणि कडीला हात घातला.

शेजारच्या दोघींनीच मला मागे खेचलं. "बस गं खाली. उगाच सगळ्यांच्या अंगाशी येईल."

"ताई, केबिनमध्ये कुणी नाहीये," मी म्हणाले. "मालक केव्हाच गेलेत."

"माहीत आहे मला." ताईचा आवाज कापत होता. "अजून वेळ झालेली नाही."

मी हिसके मारले, पण त्यांची पकड सुटेना. थापा हळू झाल्या, मग थांबल्या.

माझा दंड धरलेल्या बाईने सुस्कारा सोडला. "बघ," ती समजुतीने म्हणाली, "झाल्या ना गप्प? मावशी शहाण्या आहेत."