पूस, म्हणाले आजोबा

"आजोबा, तुम्ही बोलता ती खरंच मराठी आहे?"

माझ्या मैत्रिणी नंदिता आणि सुष्मिता जिन्यात लपून हसत होत्या. विचारून दाखव, म्हणाल्या होत्या, आणि मी काय घाबरते! वरच्या मजल्यावरचे राणोजी आजोबा रागावतील असं त्यांना वाटलेलं. ते उलट खूश झाले. आमची मराठी तुमच्याहून जुनी, तंजावरची, असं म्हणत मला घरात नेऊन त्यांनी मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, दिली. बंदरातल्या ऑफिसात छत्तीस वर्षं कारकून होते ते. घरात आता मुलगा, सून, सगळे तमिळच बोलतात.

मग त्यांनी फोन पुढे केला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचं ॲप डाउनलोड होत नव्हतं. जागाच नव्हती. हे तर मी डोळे मिटून करते. अख्ख्या बिल्डिंगचे फोन आमची रुचिराच बघते, असं बाबा त्यांच्या ओरगडमच्या कारखान्यातसुद्धा सांगतात. मेमरी कार्ड आत होतंच. ॲप्स तिकडे हलवायची तर आधी कार्ड रिकामं करावं लागेल, असं फोनवर आलं.

"आजोबा, पुसू का सगळं?"

"पूस की गे. मनात आहे ते सगळं पूस."

मी पुसलं. ॲप्स भराभर कार्डावर गेली, दाखल्याचं ॲपही आलं. मी ऐटीत फोन परत दिला. ते लगेच काहीतरी शोधायला लागले. बराच वेळ त्यांचं बोट वर-खाली फिरत राहिलं.

"अक्का कुठं गेली?"

तुळजाक्का, त्यांची थोरली बहीण. दर रविवारी तंजावरहून फोन करायची, ते बोलणं त्यांनी त्याच कार्डावर रेकॉर्ड करून ठेवलेलं. ती गेल्या वर्षी वारली. रोज दुपारी ते त्यातलं एक लावून ऐकत, मध्येमध्ये तिला उत्तरंही देत. त्या घरात त्यांच्याशी मराठी बोलणारं तेवढंच माणूस.

पण तुम्हीच पूस म्हणालात, असं मी म्हटलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्यांच्या मराठीत पुसणं म्हणजे विचारणं.

"तुला आणखी काही पुसायचंय, असं समजलो मी," ते म्हणाले. मग बशी पुढे सरकवत, "राहू दे गे. मुरुक्कू खा."

त्यांच्या मुलानं, रविकांतकाकांनी, ते कार्ड रिची स्ट्रीटला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नेलं. आता यातून काही निघणार नाही, असं दुकानदारानं सांगितलं. संध्याकाळी आम्ही जेवत होतो, तेव्हा वरून काकांचा आवाज आला. तमिळमध्ये वडिलांवर चिडले होते. नको ती बटणं दाबत बसता, उद्यापासून तुम्हाला साधा फोनच देतो. आजोबांनी माझं नावच घेतलं नव्हतं.

"बघ," बाबा आईला म्हणाले, "आधी आपल्या रुचिराला विचारलं असतं तर?"

आईनं माझ्या ताटात आणखी एक डोसा वाढला. मी तो तसाच ठेवून उठले, हात धुतला.

"मी वर जातेय," मी दोघांना म्हटलं. "कार्ड मी रिकामं केलंय. काकांना मीच सांगणार. तुम्ही कुणी येऊ नका."