दहा बोटांचं यंत्र

डिरेक्टर पामफिल यांनी आपली दहाही बोटं इलारिएच्या नाकासमोर नाचवली. बोटांना डुकराच्या चरबीचा वास येत होता.

"माणूस किती बोटांनी मोजतो, इलारिए? मग यंत्रानं दोनावरच का अडावं? ते काय खुळं आहे?"

रोमानियातल्या क्लुज शहरातल्या संगणक संस्थेतला हा वाद जुनाच. पामफिल यांच्या यंत्रातली प्रत्येक काचेची नळी विजेच्या दहा पातळ्या धरायची, शून्य ते नऊ. इंजिनिअर इलारिएने कोपऱ्यातल्या चौकटीवर स्वतःचं छोटं यंत्र बांधलं होतं. त्यातली नळी एक तर पेटलेली, नाहीतर विझलेली. तिसरी भानगड नाही. आज राजधानीहून समिती येणार होती. दहाचं यंत्र मंजूर झालं, की कारखान्यातून तेच निघणार, आणि इलारिएची चौकट मोडून तिच्या नळ्या थोरल्या यंत्राच्या पोटात जाणार.

"पेटलंय की विझलंय, हे वीज लंगडली तरी कळतं," इलारिए म्हणाला. "सहा की सात, हे कसं कळणार, कॉम्रेड डिरेक्टर? दोघं एवढे खेटून बसलेत. खाली खानावळीत सावेताबाईनं शेगडी लावली, की तुमचा सात घसरून सहा होतो."

यावर पामफिल यांनी शास्त्रीय उपाय काढला. खानावळीतली विजेची शेगडी दिवसभर बंद.

सावेताबाईने हुकूम ऐकला, मान डोलावली आणि कोबीच्या पानांत खिमा गुंडाळायला बसली. पाहुणा गार अन्न खाऊन गेला, असं तिच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. डिरेक्टरला समितीची काळजी, मला तिच्या पोटाची, असं ती म्हणाली म्हणतात.

समितीचे अध्यक्ष घामेजलेले, सुजल्या डोळ्यांचे गृहस्थ होते. त्यांनी सातात पाच मिळवायला सांगितलं. त्याच वेळी छताचा दिवा पिवळा पडला. यंत्र बराच वेळ गुरगुरलं आणि त्याने उत्तर दाखवलं. अकरा.

अध्यक्षांनी नाक वर करून हुंगलं.

"कोबी का?"

"कोबीच, कॉम्रेड. मलईसकट," पामफिल म्हणाले.

"यंत्र छान आहे," अध्यक्ष म्हणाले. "अकरा म्हणजे बाराच्या अगदी शेजारी."

सगळे हसले, टाळ्या झाल्या, गालांचे ओले मुके घेतले गेले. इलारिएला शिसारी आली. अहवालावर एकेकाची सही होत पेन त्याच्यापर्यंत आलं. सहीपुरता हात हलव बाबा, कारखान्यात तुला आख्खा विभाग देतो, असं पामफिल त्याच्या कानात म्हणाले; शब्दांबरोबर थुंकीही आली.

इलारिएने कान पुसला. "बारा दिसू द्या, सही करतो." पेनाला टोपण लावून त्याने ते पामफिल यांच्या खिशात खोचलं.

त्याच्यावाचून काही अडलं नाही. मंडळी जेवायला उतरली. जिन्यातून पामफिल यांनी, चौकट आजच मोडायची, असं ओरडून सांगितलं. खालून भुरके ऐकू येऊ लागले.

शेगडी आता पुरती तापली असावी. चौकटीतल्या नळ्या मंदावल्या, पण पेटलेली प्रत्येक पेटलेलीच होती, विझलेली विझलेलीच. इलारिएने त्या तशाच थोडा वेळ राहू दिल्या. मग स्वतःच बटण दाबून यंत्र बंद केलं. गरम काचेला हात लावला तर ती तडकते. म्हणून कोट अंगावर चढवून, नळ्या निवेपर्यंत तो त्यांच्याशेजारी बसून राहिला.