सहावं बोट

“मशीनचा!” लॅबकाकांनी निकाल दिला. “त्या माणसाचा चष्मा बघा. एका काचेत खिडकी दिसतेय, दुसऱ्या काचेत झाड. एका खुर्चीवर बसलेला माणूस एकाच वेळी दोन घरांत कसा असेल?”

सेक्रेटरीबाईंनी टाचणी काढून फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीने ‘एआय’ असं लिहिलेलं होतं. खोलीत टाळ्या पडल्या. ज्या जाहिरातवाल्याने हे फोटो संगणकावर करून आणले होते, त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, “काका, तुम्ही घरी काकूंनाही असंच पकडता का हो?”

फोटोग्राफी क्लबची ती दर महिन्याची बैठक होती. वाचनालयाच्या माडीवर एक लांबट खोली, तिच्या एका भिंतीला हिरवं कापड ठोकलेलं, आणि त्या कापडावर सभासदांचे फोटो. इथे फोटोखाली नाव लिहायचं नाही, अशी क्लबची पहिल्यापासूनची पद्धत. नाव मागच्या बाजूला. आधी सगळ्यांनी मोकळेपणाने बोलायचं आणि मग फोटो उलटायचा, म्हणजे कुणाची भीड पडायला नको. या महिन्यात सेक्रेटरीबाईंनी त्या पद्धतीला जरा फोडणी दिली होती. बाई कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. निम्मे फोटो सभासदांचे, निम्मे मशीनने केलेले, आणि कुठला कुठला ते ओळखून दाखवायचं.

खेळामागे कारणही तसंच होतं. थोड्याच दिवसांपूर्वी नदीवरचा पूल कोसळल्याचा एक फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता. पूल जागच्या जागी धडधाकट, आणि फोटोत त्याचे दोन तुकडे. “त्या दिवशी आमच्या कॅज्युअल्टीत माणसं धावत आली,” सिस्टर सुरुवातीलाच सांगून गेल्या होत्या. “आपलं माणूस शोधत. कोणी जखमी नव्हतंच. पण एका बाईंचं बीपी एवढं चढलं की त्यांना खरोखर भरती करावं लागलं.” सिस्टर हॉस्पिटलात नर्स होत्या आणि क्लबमध्येही सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. त्या मागच्या रांगेत बसायच्या, शेवटी खुर्च्या रचायला थांबायच्या.

लॅबकाकांना नाव पडलं ते त्यांच्या फोटो लॅबवरून. एके काळी गावातला प्रत्येक रोल त्यांच्याच हाताखालून जायचा. लग्नं, बारशी, सहली, कंपनीचे ग्रुप फोटो, सगळं त्यांनी लाल दिव्याखाली पाण्यातून वर येताना पाहिलेलं. मग डिजिटल आलं आणि लॅबचा बाजार उठला. त्या गाळ्यात आता मुलगा झेरॉक्स आणि लॅमिनेशन करतो. काकांकडे उरली ती नजर. क्लबमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. ते ‘बरा आहे’ म्हणाले की माणूस तरंगत घरी जायचा, आणि ‘छान’ हा शब्द तर त्यांनी बहुधा कुलपातच ठेवला होता. सिस्टरनी क्लबमध्ये आल्यापासून कितीतरी फोटो त्या कापडावर लावले. रिकामे कॉरिडॉर, सलाइनचे स्टँड, वाळत घातलेल्या चादरी. काका दर वेळी म्हणायचे, “हं. अजून बघा,” आणि सिस्टर मान डोलवून ते मनावर घ्यायच्या.

त्या संध्याकाळी काकांचा घोडा चौखूर उधळला होता. धबधबा, मशीनचा. सायकलवरची मुलं, खरा. मांजर, खरं, आणि शिवाय जाडं. एकही निकाल चुकला नव्हता. इतकी वर्षं मशीनने आपल्या तोंडचा घास काढून घेतला, आज तिला कान धरून उभी केली, असं काहीतरी त्यांना वाटत होतं. माणूस अशा वेळी जरा जास्तच मोठ्याने बोलतो.

मग ते कापडाच्या टोकाला लावलेल्या फोटोपाशी आले आणि थबकले.

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी उशीला टेकून बसली होती. हात खिडकीकडे वर केलेला. तोंडात दात नाहीत आणि सगळा चेहरा हसतोय, कपाळसुद्धा. काकांच्या पोटात एकदम हललं. लाल दिव्याखाली, हजारातून एखाद्या फोटोच्या वेळी व्हायचं तसं. आणि लगेच ते घाबरले. हे जर मशीनने केलं असेल आणि आपल्याला हललं, तर मग आपलं काय राहिलं? दुसरा विचारही आलाच: या क्लबात असा फोटो काढणार कोण? इथे सूर्यास्तवाले आहेत, मांजरवाले आहेत.

त्यांनी चष्मा वर सरकवून बोटं मोजली. सहा. मग त्यांना केवढा धीर आला.

“या, या, आजीबाई!” काका गर्रकन मंडळींकडे वळले. “मंडळी, हाताची बोटं मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच... आणि हे घ्या, वर एक बोनस! आणि उजेड बघा. खिडकी इकडे आणि दुसऱ्या गालावरही ऊन. आजींकडे दोन सूर्य आहेत!”

खोली हसायला लागली. काका या फोटोपाशी आले तेव्हाच जाहिरातवाल्याने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं होतं. हा फोटो आपला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काका एकदाचे आपटणार म्हणून तो मनातून खूश होता. कुणाचा आहे, ते मात्र त्यालाही माहीत नव्हतं.

“आणि हे हसणं,” काकांना आता थांबवत नव्हतं. “एवढी आजारी बाई कधी अशी हसते का? हे ऑर्डर देऊन करून घेतलेलं हसू आहे. अहो जाहिरातवाले, एवढं केलंत, तर दात तरी बसवून द्यायचेत बिचारीला!”

हशा ओसरला नव्हता तोच सेक्रेटरीबाईंनी फोटो उलटा केला. मागचं वाचलं. फोटो त्यांनी काकांच्या हातात दिला. मागे सिस्टरचं नाव होतं आणि खाली एकच शब्द: ‘आई’.

सिस्टरच्या आई गेल्याचं क्लबात सगळ्यांना माहीत होतं. मागच्या बैठकीला सिस्टर आल्या नव्हत्या ते त्यामुळेच. त्यांच्या आईला पाहिलेलं मात्र कुणीच नव्हतं.

“ते सहावं बोट माझं आहे,” मागच्या रांगेतून सिस्टर म्हणाल्या. वॉर्डात तापमान सांगावं इतक्या साध्या आवाजात. “समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालायला यायच्या. आईला त्यांना हात करायचा होता, पण हात उचलवत नव्हता. मी खालून धरला होता. दुसऱ्या हातात कॅमेरा. आणि दुसरा सूर्य म्हणजे आमच्या कपाटाचा आरसा.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “कवळी तिला बोचायची. म्हणून काढून ठेवली होती.”

तेव्हा जाहिरातवाल्याने, बहुधा वातावरण हलकं करायला, आरोळी ठोकली, “काका, पडली एकदाची विकेट तुमची!”

आणि काका हसले. लाज लपवायला माणूस हसतो तसं, पण हसले. नंतर त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते या हसण्यानेच.

सिस्टर शेवटपर्यंत बसल्या. अशा फोटोंच्या समाजावरच्या परिणामांची चर्चा झाली, सगळ्यांनी चहा घेतला. त्यांनी नेहमीप्रमाणे खुर्च्या रचल्या, फोटो पाकिटात घातला आणि “येते हं” म्हणून गेल्या. काका दाराशी उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली.

घरी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. सांगताना आपली बाजू थोडी सारवून घेतली.

“फोटो होताच तसा गं. कुणालाही वाटलं असतं.”

“वाटलं असतं कुणालाही,” काकू भाजी निवडत म्हणाल्या. “बोललात तुम्ही.”

“मला काय माहीत तिचा आहे म्हणून?”

“मग जाऊन सांगा ना तिला तसं. मला काय सांगताय?”

जाईन, जाईन म्हणत काकांनी दिवस ढकलले. पुढच्या बैठकीत सगळं सावरून घेऊ, असं त्यांनी ठरवलं. चारचौघांत बोललो, तर चारचौघांतच माफी मागू. पुढच्या बैठकीला सिस्टर आल्या नाहीत. ड्युटी लागली, असा त्यांचा निरोप होता. खुर्च्या कुणीच रचल्या नाहीत, तशाच पडून राहिल्या.

त्याच आठवड्यात मुलगा झेरॉक्स मशीनवरून मान वर करून म्हणाला, “बाबा, तुम्ही तर फेमस झालात!” आणि त्याने मोबाइल पुढे केला. जाहिरातवाल्याची क्लिप होती. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘एआयचे फोटो कसे ओळखाल? शिका या काकांकडून.’ बोनस बोट झालं, दोन सूर्य झाले, दात झाले, हशा झाला आणि क्लिप तिथेच संपली. खाली लोकांनी हसणारे चेहरे टाकले होते.

काकांनी तिथूनच जाहिरातवाल्याला फोन लावला. “अरे बाबा, पुढचं कुठाय? फोटो खरा होता ते कुठाय?”

“काका, मी फक्त मित्रांच्या ग्रुपवर टाकलं होतं हो. त्यांनीच कुणीतरी कापलं. माझ्याकडचं मी काढून टाकतो.” तो बिचारा खरंच ओशाळला होता. “पण आता ते कुठे कुठे पोचलंय, मी तरी कसं सांगू?”

दुसऱ्या दिवशी दुपारी काका सिस्टरच्या घराचा जिना चढले. दार उघडलं तेव्हा त्या ड्युटीच्या कपड्यांत होत्या, केसांना पिना लावत होत्या.

“काका! या ना, आत या. धाप लागलीय तुम्हाला, आधी बसा.” त्यांनी पाणी आणून दिलं आणि काकांनी ते पिऊन टाकेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

एकच खोली आणि स्वयंपाकघर. खाट उभी करून भिंतीला लावलेली. खिडकीतून समोरची गच्ची दिसत होती, तिच्यावर दोऱ्या होत्या. आणि खिडकीसमोर आरशाचं कपाट. त्यातून दुपारचं ऊन परतून खोलीच्या या बाजूच्या भिंतीवर पडलं होतं. काका त्या उन्हाकडे बघत राहिले. उजेड कुठून आला, एवढंच विचारलं असतं त्या दिवशी. लॅबमध्ये असताना पोरासोरालासुद्धा विचारायचे ते.

“सिस्टर, मी चुकलो. फार वाईट बोललो मी.”

“असू दे हो काका. तुम्हाला थोडंच माहीत होतं?”

“ती क्लिप...”

“पाहिली मी. मावशीने पाठवली.” सिस्टर खुर्चीच्या कडेवर बसल्या. “आमच्या दादाने हा फोटो मोठा करून घरात लावला होता. तो लांब असतो, शेवटी त्याला यायला जमलं नाही. परवा फोन करून विचारतो, ‘तू याला काही केलं नाहीस ना? आई खरंच हसली होती ना गं?’ मी म्हटलं, हसली होती रे बाबा. तो हो म्हणाला. पण परत एकदा विचारलंन.”

“मी बोलतो त्याच्याशी. मला नंबर द्या. मी सांगतो, मी मूर्ख आहे म्हणून.”

“नको. राहू दे.” त्यांनी मोबाइलवर तो फोटो उघडला आणि मोबाइल मांडीवर धरला. “त्याचं काही नाही काका, त्याची समजूत पटेल. माझंच काहीतरी झालंय. आधी हा उघडला की आई दिसायची. आता उघडला की पहिल्यांदा बोटंच मोजते मी. माझंच बोट आहे, मला माहितेय, तरी मोजते. मोजून झाली की मग आईकडे बघते, आणि तोवर ते जातं. काय जातं ते सांगता येत नाही.”

काकांना आपण इथून उठून कुठेतरी नाहीसं व्हावं असं वाटलं. पण ते बोलायलाच आले होते. त्यांनी हात पुढे केला. सिस्टरनी मोबाइल त्यांच्याकडे दिला. काकांनी या वेळी काही मोजलं नाही, काही तपासलं नाही. आजी हसत होत्या. पोटात तसंच हललं, त्या दिवशी हललं होतं तसंच.

“सिस्टर, आपल्या भिंतीवर इतक्या वर्षांत असा फोटो लागलेला नाही,” ते म्हणाले. “मला तो बघितल्याबरोबर कळलं होतं. कळलं म्हणूनच घाबरलो मी. छान आहे हा फोटो. फार छान आहे. खरं सांगतोय.”

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या हसल्या. पेशंटचे नातेवाईक ‘आता बरं वाटतंय हो त्यांना’ असं म्हणतात, तेव्हा नर्स हसतात तशा.

“थँक्यू, काका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एवढे जिने चढून आलात, यातच सगळं आलं.”

“नाही, मी मन राखायला म्हणत नाहीये...”

“हो हो, कळलं मला.” त्यांनी मोबाइल त्यांच्या हातून हलकेच काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला. “चला, मला निघायला हवं. उशीर झाला की आधीच्या ड्युटीवाली खोळंबते.”

काकांचं खरं बोलणं आयुष्यात पहिल्यांदाच समजूत काढण्यापुरतं म्हणून घेतलं गेलं होतं, आणि ते खरं आहे हे पटवायला त्यांच्याकडे त्यांच्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं.

“कठडा धरून उतरा, काका,” कुलूप लावता लावता सिस्टर म्हणाल्या. “मधली एक पायरी तुटलीय.”

काका कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. सिस्टर त्यांच्यामागे थोडा वेळ सावकाश उतरल्या. मग घड्याळ बघून “जाऊ मी पुढे?” म्हणाल्या, आणि अंग चोरून त्यांच्या शेजारून खाली गेल्या.