दुसरं शिफारसपत्र

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं बाटल्या धुतल्या, नमुने लावले, अहवाल लिहिले, आणि मग तिने पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला. शिफारसपत्रं दोन हवी होती. कॉलेजातल्या सरांना तिचा चेहरा आठवेना, पण जुनी प्रकल्पवही दाखवल्यावर त्यांनी बिचाऱ्यांनी लिहून दिलं. प्रश्न दुसऱ्याचा होता.

संचालकसाहेबांच्या केबिनबाहेर ती तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो. भरपूर लिही, लाजू नकोस."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने लिहायला घेतलं. कष्टाळू. प्रामाणिक. नेतृत्वगुण. तिथं पेन थांबलं.

"आपणच आपली पाठ थोपटायची, तर हात पुरत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

तो शर्टाला इस्त्री करत होता. "अगं, पत्र कोण वाचतं? लेटरहेड वाचतात."

"मग नुसतं लेटरहेडच पाठवते."

तरी तिने पानभर लिहिलं. साहेबांनी न वाचता सही ठोकली आणि कागद परत देताना विचारलं, "तू कुठल्या विभागात असतेस गं?"

तिला रागही आला नाही. तेवढं त्राण उरलंच नव्हतं.

शनिवारी ती बाईंकडे गेली. बाई तिच्या विभागाच्या जुन्या प्रमुख, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. गुडघ्याला पट्टा बांधून त्या मटार सोलत बसल्या होत्या. तिने येण्याचं कारण सांगितलं.

"माझं पत्र? मी साधी डिप्लोमावाली. तिथं मला कोण विचारतंय?"

"तुम्ही माझं काम पाहिलंय, बाई."

बाईंनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. "लिहीन. पण खरं लिहीन. ते बाटल्यांचंही."

सहा वर्षांपूर्वी तिच्या हातून दोन वस्त्यांच्या बाटल्यांची लेबलं उलटसुलट झाली होती. चांगल्या पाण्याच्या वस्तीला नळ बंद ठेवायची नोटीस गेली आणि दूषित पाणी पिणारे तसेच पीत राहिले. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. चूक कळताच तिनेच त्याच संध्याकाळी बाईंना जाऊन सांगितलं आणि पुढचे चार दिवस दारोदार फिरून नमुने पुन्हा गोळा केले.

"ते लिहिलंत तर मला कोण घेईल?"

"मग काय लिहू? कष्टाळू? बैलही कष्टाळू असतो." बाईंनी टरफलं बाजूला सारली. "तू ठरव. सही माझी असली तरी वाट तुझी अडणार आहे."

तिनेही एक शेंग सोलायला घेतली. वाद घालायचा कंटाळा आला होता, आणि स्वतःची ती खोटी स्तुती पुन्हा वाचायचा त्याहून जास्त.

"लिहा," ती म्हणाली.

घरी येऊन तिने फॉर्ममध्ये साहेबांच्या जागी बाईंचं नाव भरलं. नवऱ्याने मान हलवली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतेयस."

"असेल," म्हणून तिने लॅपटॉप मिटला.

तीन ठिकाणी अर्ज गेले होते. दोन ठिकाणांहून नकार आला, दोन्ही पत्रं शब्दन्‌शब्द सारखी. तिसरीकडे मुलाखतीला बोलावलं. समोर तिघं होते, आणि त्यांच्यातल्या एका वयस्क प्राध्यापिकेने वीस मिनिटं फक्त बाटल्यांबद्दलच विचारलं. कसं कळलं? कुणाला आधी सांगितलं? नंतर कामाची पद्धत काय बदलली? तिने जसं घडलं तसं सांगितलं. बाहेर आल्यावर आपण नेमकं काय बोललो, हेही तिला धड आठवेना.

प्रवेश मिळाल्याचा ईमेल आला तेव्हा ती नमुने नोंदवत होती. उरलेल्या नऊ बाटल्यांची नोंद तिने पूर्ण केली, मग जिन्यात जाऊन बाईंना फोन लावला.

"झालं, बाई."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "आता दोन वर्षं झोपेचं खोबरं होणार तुझ्या. आज लवकर घरी जा."

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी कुणी नव्हतं. चपला काढल्या आणि बातमी नवऱ्याला कळवायच्या आधीच तिला गाढ झोप लागली.